वीतभर खाली

फोन वाजत होता आणि मला ऐकू येत नव्हता, कारण माझ्या हातात ड्रिल मशीन चालू होतं. गौराक्काच्या स्वयंपाकघरात, तिच्याच भिंतीसमोर मी गुडघ्यावर बसलो होतो. तिनं आदल्या संध्याकाळी पुण्याहून सांगितलं होतं, सगळ्या फळ्या अजून खाली घे, मी आले की खुर्चीत बसून हात पोचला पाहिजे. मशीन बंद केलं तेव्हा खिशातला फोन थरथरत होता. पलीकडे तिचा मुलगा बसू. तो "मामा" म्हणाला आणि पुढे बोलेना. मी म्हणालो, "अरे, दोन भोकं झालीत, तिसरं पाडतोय. तासाभरात फळी चढते म्हणून सांग तिला." तेव्हा तो रडायला लागला. पहाटे झोपेतच अक्काचा श्वास थांबला होता. मी फोन ठेवला आणि, सांगायला लाज वाटते, तिसरं भोक पाडलं. दोन भोकांवर फळी बसत नाही, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं.

याला आता महिना होऊन गेला. गौराक्का माझी थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. आमचं मूळ गाव सोलापूरजवळचं वळसंग. घरात निम्मं बोलणं मराठीत, निम्मं कन्नडात, त्यामुळे ती मला शेवटपर्यंत 'तम्मा'च म्हणत राहिली, म्हणजे धाकटा भाऊ. शिवानंद या माझ्या नावाचा तिनं कधी उपयोग केल्याचं आठवत नाही. उंच बाई, लांबसडक हातांची. वळसंगच्या घरात आई गुळाचा डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवायची, आणि अक्का टाचासुद्धा न उचलता तो काढायची. लग्नात दाजींपेक्षा दोन बोटं उंच दिसू नये म्हणून तिला मान खाली घालून उभं राहायला सांगितलं होतं. तिनं ती पाच मिनिटंसुद्धा घातली नाही. बाईला वाकणं जमायचंच नाही, आणि आधार मागणं तर त्याहून नाही.

तीन वर्षांपूर्वी दाजी गेले. त्यांना उपचारासाठी बसूकडे पुण्याला नेलं होतं आणि तिकडंच सगळं संपलं. परत आल्यावर अक्का मला म्हणाली होती, "पुण्याला नेलं की माणूस परत येत न्हाय, तम्मा." मी दुःखाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. त्यानंतर तिनं घरातलं अवजड लोखंडी कपाट विकून टाकलं आणि शेजारणीच्या घरी पाहिलेल्या फ्लोटिंग शेल्फचा हट्ट धरला. भिंतीतूनच उगवल्यासारखी दिसणारी फळी, खाली ना ब्रॅकेट ना खुंटी. मी म्हणालो, "अक्का, खालनं आधार न्हाय त्याला." तर म्हणते, "मग तीस वर्षं पोरांना काय शिकवलास?" मी आयटीआयमध्ये फिटरचा शिक्षक होतो. असं डिवचल्यावर मागे हटणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोलापुरातल्या सात रस्त्यावर जाऊन सळ्या, प्लग, सागवानी फळ्या सगळं घेऊन आलो. यात खरी मेख भिंतीच्या आत असते. सळ्या भिंतीत खोल रोवायच्या, फळीच्या मागच्या कडेला भोकं पाडून ती त्यांच्यावर सरकवायची. सगळा भार त्या लपलेल्या सळ्या घेतात, आणि बघणाऱ्याला वाटतं फळी अधांतरी आहे.

माझा एक नियम होता. पोरांनाही मी तेच शिकवायचो. फळीची उंची टेपनं ठरवायची नाही, ती वापरणाऱ्या माणसाला भिंतीपाशी उभं करायचं, हात वर करायला लावायचा आणि बोटं पोचतात तिथं पेन्सिलीनं खूण करायची. अक्कानं हात वर केला आणि खूण माझ्या डोक्याच्या हातभर वर गेली. मी खूण थोडी खाली धरली तर ओरडली, "वर घे की! मी काय म्हातारी झाले व्हय?" तीन फळ्या बसवल्या. वरच्या फळीवर चिनीमातीच्या बरण्या, शेंगाचटणी, लोणची, कुरडया. पाणसळ ठेवून बघितली, बुडबुडा अगदी मधोमध. त्या दिवशी तिच्या हातची गरम भाकरी खाऊन मी घरी आलो तो स्वतःवरच खूश होऊन.

सव्वा वर्षानं तिचा फोन आला, वरची फळी वीतभर खाली घे. का, तर चष्मा बदललाय, वरचं नीट दिसत नाही. मी गेलो तर भिंतीवर खूण आधीच करून ठेवलेली. वाकडीतिकडी रेघ. मी चेष्टा केली, "अक्का, ही रेघ हाय का गांडूळ?" ती हसली. मी तिला हात वर करायला लावला नाही. इतक्या वर्षांचा नियम त्या दिवशी मोडला आणि मला तो मोडल्याचं कळलंसुद्धा नाही. उलट जुनी भोकं आता पुट्टीनं भरावी लागणार, भिंत खराब दिसणार, यावरून मी तिला अर्धा तास बोलत होतो. माझी बायको सुनंदा बरोबर होती. तिनं विचारलं, "अक्का, केस का कापले?" कमरेपर्यंतची वेणी जाऊन मानेवर तोकडे केस आले होते. अक्का म्हणाली, "सोलापूरचा उन्हाळा लई हाय गं. कोण विंचरत बसतंय." घरी येताना सुनंदा रिक्षात म्हणाली, "आज अक्कांनी ताटात कडक भाकरी वाढली. विकतची." मी म्हणालो, अर्धं गाव विकत घेतं. खरंच घेतं. त्यामुळे तिची शंका मी तिथंच मारून टाकली.

पुढच्या चार महिन्यांत दोनदा फळ्या खाली आल्या. प्रत्येक वेळी खूण तयार, प्रत्येक वेळी कारण तयार. कधी पाठीत उसण, कधी स्टुलावर चढायची भीती. चिनीमातीच्या बरण्या जाऊन प्लॅस्टिकचे डबे आले, चहाचं पातेलं ती दोन्ही हातांनी धरू लागली, कपाच्या जागी स्टीलचा पेला आला. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांपुढून गेलं. फळी एका बाजूला केसभर उतरली तर मला दुरून कळायचं, त्यावर मी केवढी मिजास करायचो. भिंतीवर भरलेल्या भोकांच्या पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ वरून खाली येत होती, ती काही मला वाचता आली नाही.

मग एक दिवस तिनं वेगळीच फळी मागितली. देवघराच्या कोपऱ्यात, जमिनीपासून सव्वा फुटावर, हातभर लांबीची. मी विचारलं, "एवढ्या खाली काय ठेवणार?" म्हणाली, "ठेवीन की काहीतरी. पण मजबूत कर. माणूस टेकला तरी हलली न्हाय पायजे." मला विचित्र वाटलं. पण वेळ जात होता, ऊन चढत होतं, मी सळ्या रोवल्या आणि निघालो. पुढच्या दोन भेटींत त्या फळीवर काहीच ठेवलेलं नव्हतं. रिकामी फळी बघून मला राग आला, उगाच राबवून घेतलं म्हणून.

त्यानंतर आठवडाभरानं सकाळी फिरायला म्हणून निघालो तो तिच्या घराकडे वळलो. दार नुसतं लोटलेलं. आत अक्का पाटावर बसली होती, पूजेला. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन नजरेसमोर धरायचं आणि त्याच्याकडे बघत बसायचं असतं. माझी पूजा कधीच दोन मिनिटांवर आली होती. अक्काची रोज अर्धा तास चालायची, पन्नास वर्षं. तिचं डावं कोपर त्या फळीवर टेकलेलं होतं. तळहातावर लिंग होतं, आणि तो हात पडू नये म्हणून तिनं उजव्या हातानं मनगट धरलं होतं. दोन्ही हात थरथरत होते. अंगठ्याजवळचं मांस इतकं आत गेलेलं की तिथं खड्डा दिसत होता. आत जावं की पळून जावं, कळेना. तिनं मान न वळवता सांगितलं, "आलास? सुम्निरु. पाच मिनिटं." मी गप्प उभा राहिलो. ती पाच मिनिटं मी तिच्या हातांकडे बघत काढली, आणि प्रत्येक खाली आलेल्या फळीचा अर्थ एकेक करून माझ्यापुढे आला.

पूजा झाल्यावर तिनं मला साड्यांच्या खालची फाईल काढायला लावली. वर्षापूर्वीच ती एकटी डॉक्टरांकडे जाऊन आली होती. मज्जातंतूंचा आजार. आधी हात सुकतात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. मी चिडलो, रडलो, "मला का न्हाय सांगितलंस?" म्हणून ओरडलो. ती शांत होती. "सांगितलं असतं तर तू फळी खाली घेतली असतास? मला उचलून पुण्याला पाठवला असतास." मग तिनं माझ्याकडून वचन घेतलं. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवायला लावून. बसूला सांगायचं नाही. "मला हितंच मरू दे. माझ्या घरात. एवढंच मागते, तम्मा." तिनं मला आयुष्यात फळ्यांशिवाय काही मागितलं नव्हतं. मी हात ठेवला.

ते वचन मी एकोणीस दिवस पाळलं. विसाव्या दिवशी दुपारी गेलो तर अक्का न्हाणीच्या दारात जमिनीवर बसलेली. सकाळी पाय घसरला, आणि हातांनी रेटा देऊन उठता येईना म्हणून पाच तास तशीच बसून होती. ओलं लुगडं अंगावरच वाळलेलं. हसून म्हणाली, "फरशी गार हाय, बरं वाटलं." मी तिला उठवलं, कपडे बदलायला सुनंदाला बोलावलं, आणि बाहेर पडलो. सात रस्त्याच्या गर्दीत एका दुकानाच्या कडेला उभा राहून बसूला फोन लावला. सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "मी सांगितलं म्हणू नकोस." तो चांगला पोरगा. त्यानं आईला सांगितलं की फोनवर तुझा आवाज जड वाटला म्हणून मी आलो. चौथ्या दिवशी तो गाडी घेऊन आला. गाडीत बसताना तिनं मागे वळून घराकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. पुण्यात ती पाच आठवडे जगली.

तिला सोलापूरला आणलं. आमच्यात माणसाला बसवून माती देतात आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या हातावर ठेवतात. स्वामींनी ठेवलं, आणि भाऊ म्हणून मी तो हात खालून धरला. फार हलका होता. उत्तरकार्याच्या, म्हणजे गणाराधनेच्या दिवशी, जेवणं चालली होती तेव्हा, बसू मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, तुम्ही सांगितलं म्हणून शेवटी मला आईचं काही करता आलं. न्हायतर मला कळलंच नसतं." मी मान हलवली. त्याचं खरं आहे. त्या पोराला पाच आठवडे मिळाले, आणि ते त्याच्याकडून हिरावून घेणारा मी कोण होतो? आणि अक्काला जे हवं होतं ते मिळालं नाही, हेही तितकंच खरं आहे. आता घर बंद आहे. मी दर दोन दिवसांनी जाऊन खिडक्या उघडतो. स्वयंपाकघरातल्या फळ्या सगळ्या खाली आहेत, खुर्चीत बसून हात पोचेल अशा. देवघरातल्या फळीवर एका जागी, कोपर टेकायचं तिथं, पॉलिश उडालं आहे.

एक सांगायचं राहिलं. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला होता. सुनेनं तोंडाजवळ फोन धरला असावा. आवाज अगदी खोल गेलेला, शब्दाशब्दाला दम लागत होता. आधी फळ्यांचं सांगितलं. मग बराच वेळ नुसता श्वास... मला वाटलं फोन बंद झाला. मग म्हणाली, "तम्मा, एक इचारू? बसूला तू सांगितलास काय?" मी म्हणालो, "न्हाय अक्का. मी कशाला सांगतोय?" एका झटक्यात म्हणालो, विचार न करता. ती म्हणाली, "तेच म्हनलं मी. तू न्हाय सांगायचास." तिच्या आवाजात समाधान होतं. हेच आमचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी मशीन घेऊन तिच्या घरी धावलो तो काही फळ्यांच्या घाईनं नव्हे.

सुनंदा म्हणते, बरं केलंत, तिला शांतपणे जाता आलं. असेल. पण माझ्या बहिणीनं शेवटचा विश्वास एका खोट्यावर ठेवला, आणि ते खोटं मी तिला दिलं. हे कुणाला तोंडानं सांगणं मला जमलं नाही. रविवारची ही पुरवणी अक्का चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, म्हणून इथं लिहितो आहे. अक्का, बसूला मीच सांगितलं.