धुक्याचा रंग

लोणावळ्यात सगळी नोकरी काढून धुक्यावर डूख धरलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो आम्हाला ड्रॉइंग शिकवायचा. इतरांना धुक्याचा त्रास म्हणजे धोतरं वाळत नाहीत एवढाच. मास्तरांना त्याचा रंग सापडत नव्हता. तासाला ते वर्गाच्या सगळ्या खिडक्या उघडत, धुकं आत येई, मागचा बाक दिसेनासा होई, आणि आम्ही खोकत बसलो की म्हणत, "बघा आणि काढा." एकदा एकाने कोरा कागद पुढे केला. "धुकं काढलंय, मास्तर." मास्तर आंदर मावळातले. एरवी पुस्तकासारखं बोलत, पण राग किंवा आनंद अनावर झाला की गाव बाहेर पडे. "धुकं पांढरं नसतंय, गाढवा! डोळं हायेत का बटनं?" घरीसुद्धा बशीतल्या चहात बोटाने पाणी घालून ते छटा पाहत बसत. "अवो, चहा प्या, रंगवू नका," असं मास्तरीणबाई ओरडेपर्यंत त्याचं पार थंड पाणी झालेलं असे.

कुठल्याशा मासिकात त्यांना एक चित्र सापडलं होतं. धुक्यातून मेंढरं घेऊन येणारा धनगर. छपाई काळीपांढरी, आणि खाली लिहिलेलं, मूळ चित्र मुंबईच्या म्युझियममध्ये आहे. ते कात्रण कोटाच्या खिशात घडी घालून घालून धनगराचं मुंडकं वेगळं झालं होतं, तरी मास्तर म्हणत, "या चित्रकाराला धुकं साधलंय. कसं साधलं ते एकदा पाहिलं की मी सुटलो." चार वर्षं त्यांनी हेडमास्तरांच्या मागे मुंबईच्या सहलीचा लकडा लावला. शेवटी, चर्चच्या कमानी पाहून मुलांची भूमिती सुधारेल, या कारणावर परवानगी मिळाली. आम्ही बावीस मुलं, मास्तर आणि गणिताचे मास्तर. गणपती उठल्यानंतरचा आठवडा होता. म्युझियम त्या दिवशी दोनलाच बंद होणार होतं, म्हणून सकाळी चर्च आणि मग चित्र, असा बेत ठरला.

पहिली दोन चर्चं नीट पार पडली. देवाचं घर म्हणून प्रत्येक दारात वहाणा रांगेने काढायच्या आणि डोक्यावर टोप्या घट्ट बसवून आत जायचं, असा आमचा शिस्तशीर कार्यक्रम होता. आत उघड्या डोक्याने आणि बुटांसकट बसलेले लोक आमच्याकडे पाहत राहिले, ते आमच्या शिस्तीचं कौतुक म्हणूनच, असं आम्हाला वाटलं.

तिसऱ्या चर्चमध्ये मी सगळ्यांत मागे होतो. दाराशी एक जाड दोर लोंबत होता. देवळात शिरताना आपण जे करतो तेच मी केलं. वर कुठेतरी आभाळाएवढी घंटा गरजली. घाबरून मी दोर सोडायच्या ऐवजी धरून ठेवला, त्यामुळे ती आणखी तीनदा वाजली. वेळ नसताना अशी संथ घंटा तिथे माणूस गेल्यावर वाजते, हे मला काय माहीत! गल्लीतली माणसं धावत आली. एक म्हातारी तर दारातच रडायला लागली, "कोण गेलं रे?" पाठोपाठ झगा सावरत पाद्रीबाबा आले.

"घंटा मी वाजवली," मास्तर पुढे होऊन म्हणाले. कोणीही मेलेलं नाही हे घरोघर जाऊन सांगा, असं पाद्रीबाबांचं म्हणणं पडलं. मास्तरांनी गणिताच्या मास्तरांना आम्हा मुलांना घेऊन पुढे जायला सांगितलं. "मी आलोच," म्हणाले. पण प्रत्येक घरी त्यांना बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि कोणी मेलं नाही याची पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली. ते घामाघूम होऊन म्युझियमशी पोचले तेव्हा शिपाई दार लावत होता. मास्तरांनी त्याला कात्रण दाखवलं, हात जोडले. दार काही उघडलं नाही. "बरं झालं, तुम्ही तरी पाहिलंत," ते आम्हाला म्हणाले.

आणि आमच्यातल्या एकानेही ते पाहिलं नव्हतं. सगळा वेळ आम्ही पेंढा भरलेल्या वाघाचे दात मोजत होतो. मला इतकी लाज कधीच वाटली नाही.

कर्जत सोडून गाडी घाट चढू लागली तसे मास्तर सरसावून बसले. "सांगा, धुक्याचा रंग कसा होता?" गणिताचे मास्तर घोरत होते. मी खिडकीकडे तोंड केलं आणि सुरुवात केली. "वर राखी होतं, मास्तर. खाली दरीकडे जांभळट. मेंढरांच्या पाठीवर किंचित पिवळं." त्यांनी डोळे मिटले. "व्हय? आनि कडा?" "कडाच नव्हत्या." खंडाळा येईपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत.

पुढे मुंबईत नोकरी लागल्यावर मी ते चित्र पाहिलं. धुकं नुसतं राखी होतं. सुट्टी काढली आणि आंदर मावळात चालत चालत मास्तरांचं गाव गाठलं. पेन्शन घेऊन ते तिथे राहत होते, बोली पुरती गावची झाली होती आणि मोतीबिंदूने डोळे जवळजवळ गेले होते. मी सगळं कबूल केलं.

"ठावं हाय," मास्तर म्हणाले. "वाघाच्या दातांचं तुमी कल्यानपतुर बोलत व्हता."

"मग माझं ऐकून का घेतलंत?"

"तू खिडकीतनं बघून सांगत व्हतास. चार वर्सं म्या दुसरं काय सांगत व्हतो? बघा, म्हनून!" मग पुढे वाकून, "त्या चित्रातलं खरं कसं हाय?"

"नुसतं राखी, मास्तर."

ते लहान मुलासारखे हसले. मग दाराच्या अंदाजाने तोंड वळवलं. बाहेर भातखाचरांवर धुकं उतरत होतं.

"आज कसं हाय, सांग की."

मी उठून उंबऱ्यात गेलो, नीट पाहिलं, आणि सांगू लागलो.