फ्रेंचसाठी मराठी बंद

लंडनमधल्या हाउन्सलोला मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेले, तेव्हा चार वर्षांची नात माझ्याशी भडाभडा मराठी बोलायची. चुका भरपूर. "माझा बाहुली भूक लागला," असलं काहीतरी. मला त्या चुकाही गोड लागायच्या. मग घरात फ्रेंच शिरलं.

मुलाच्या ऑफिसातल्या कुणाची तरी मुलं अर्धा दिवस फ्रेंच, अर्धा दिवस इंग्रजी अशा शाळेत जात होती, आणि अशी मुलं म्हणे जगात कुठेही टिकतात. आम्ही कसे टिकलो, देव जाणे. आपलीही पोर तिथेच घालायची, असं ठरलं. सूनबाईनं पुण्याला शाळेत फ्रेंच घेतलं होतं, कारण त्यात मार्क पडतात. मार्क पडलेही, पण त्या भाषेत तिला पाणी मागता येईना. मुलगा संस्कृतवाला, त्यानं फोनवरच्या ॲपकडून धडे सुरू केले. सकाळी दोघं पोह्यांच्या बशा पुढ्यात घेऊन एकमेकांना फ्रेंचमध्ये सांगायचे, की मुलगा सफरचंद खातो आहे. घरात सफरचंद नसायचंच.

इथवर करमणूक होती. एक दिवस मुलगा म्हणाला, "आई, प्लीज, शाळेची ॲडमिशनची व्हिजिट होईपर्यंत तिच्याशी मराठी नको. ती कन्फ्यूज होते. फ्रेंचला डोक्यात स्पेस पाहिजे ना."

"डोकं आहे की फडताळ?"

"अहो आई, सगळेच पेरेंट्स असं करतात," सूनबाई म्हणाली. सगळे म्हणजे मिल्टन कीन्सची तिची एक मैत्रीण.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. नातीला गोष्ट सांगायला तोंड उघडलं की मुलगा दारात येऊन खाकरायचा. बँकेत नोकरीभर मी इंग्रजीत पत्रं लिहिली, पण इंग्रजीत लाड कसे करतात ते मला येत नाही. नात हळूहळू माझ्याकडे कमी यायला लागली. मला संताप यायचा, आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

व्हिजिटला शाळेनं सगळ्या घरालाच बोलावलं होतं. मुख्याध्यापिका फ्रेंच, पण इंग्रजी बोलायच्या अगदी मऊ. त्यांनी खेळण्यांची टोपली पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "मूल घरच्या भाषेत किती मोकळं बोलतं, ते आम्ही बघतो. ती पक्की असली की बाकीच्या दोन सहज येतात. आजीशी खेळू दे तिला."

मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण गडी सावरला, आणि इंग्रजीत ठासून म्हणाला, "घरी आम्ही फक्त मराठीच बोलतो."

मी टोपलीतला लाकडी घोडा उचलला. "हा कुठं निघालाय गं?"

नातीनं घाबरून बापाकडे पाहिलं. मग माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणाली, "नो मराठी, आजी! बाबा रागावतो."

बाईंना मराठी येत नव्हतं, पण भाषांतराची गरजच पडली नाही. हात दाखवून अवलक्षण! एरवी मी पोट धरून हसले असते. त्या चिमुकल्या हाताखाली मला हसू काही फुटेना.

बाईंनी शांतपणे समजावलं: आधी तिची भाषा तिला परत मिळू दे, आजी आहेत तोवर भरपूर बोलू दे, मग ईस्टरनंतर पुन्हा या. मुलगा सगळ्याला यस, यस म्हणत होता.

परतताना गाडीत मागच्या सीटवरून नातीनं विचारलं, "बाबा, आता आजी बोलू शकते?"

"हो बेटा. ऑफकोर्स."

"रोज?"

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. माझं परतीचं विमान परवा होतं.