बाप्तिस्म्याची घाई

उजवा हात छातीवर, नजर न्यायाधीशांच्या पागोट्यावर आणि तोंडी एकच वाक्य: "डोळ्यांदेखत घडलं, सरकार!" मी धारच्या कचेरीत कारकून होतो तेव्हा हा गृहस्थ आमचा कायमचा साक्षीदार. भांडण शेताचं असो की घराचं, ते होताना हा तिथं हजर असायचाच. वकील त्याला लाडानं, माळवी थाटात "भिया" म्हणजे भाऊ म्हणत आणि पक्षकार त्याला जेवू घालत.

उतारवयात त्याच्या मनानं काय घेतलं देव जाणे, मिशनच्या पाद्रीसाहेबांकडे जाऊन "बाप्तिस्मा द्या" म्हणून बसला. साहेब म्हणाले, "आधी पश्चात्ताप, मग बाप्तिस्मा." यानं तिथल्या तिथं छातीवर हात ठेवून घळाघळा रडून दाखवलं. पण साहेब माळव्यात मुरलेले होते. "असा नाही, भाऊ. ज्याचं नुकसान केलंस त्याचं भरून दे."

आणि वाचकहो, हा खरंच गेला! त्याच्या साक्षीवर एका विधवेचं घर तिच्या दिरानं लाटलं होतं. भर कचेरीत उभा राहून म्हणाला, "सरकार, मैं तो उस दिन तिथं नव्हतोच." बाईला घर मिळालं, याला तुरुंग. मिशनची पायरी चढला म्हणून जातीनं वाळीत टाकलं ते वेगळंच.

सुटला तो दुसऱ्या खटल्याचं निस्तरायला पुन्हा कचेरीत हजर! आता मात्र आमच्या वकिलांची पाचावर धारण बसली. असे निकाल उलटू लागले तर निम्म्या धारनं बिऱ्हाडं हलवायची की काय? कालपर्यंत "धर्म बुडाला" म्हणून ओरडणारी हीच मंडळी मिशनच्या बंगल्यावर गेली. "साहेब, गरिबाकडून किती पश्चात्ताप करून घ्याल? एकदाचा बाप्तिस्मा देऊन टाका!"

त्याचा पश्चात्ताप खरा आहे, अशी साहेबांचीही खात्री पटली होती. रविवारी पितळी वाडग्यात पाणी भरलं, गाणी झाली. आम्ही कचेरीतले चौघे बाहेरून गंमत बघत होतो. हा दारातच अडून उभा.

"ये भाऊ, प्रभूनं तुला क्षमा केली."

"प्रभूनं केली असेल हो, साहेब. पण धामनोदच्या माळ्यानं कुठं केली? उसकी बैलजोडी माझ्या साक्षीनं गेली. भेटून येतो."

"मग बाप्तिस्मा घेऊन जा ना!"

"घेतला की सुटल्यासारखं वाटेल, साहेब. मग जाईन याचा काय भरवसा? मी स्वतःला चांगला ओळखतो."

एवढं बोलून तो उन्हातून चालू लागला. साहेब वाडगं घेऊन फाटकापर्यंत त्याच्या मागं मागं गेले. आम्ही पोट धरून हसलो. पण खरं सांगतो, त्या दिवशी तो माणूस मला फार आवडला.

धामनोदला त्याच माळ्याच्या ओसरीवर तो तापानं गेला. कळवल्यावर जातीनं सांगितलं, आमचा नाही. मिशनच्या पंचांनी सांगितलं, बाप्तिस्मा नाही, तेव्हा कब्रस्तानात जागा नाही. वकिलांनी मात्र मनापासून हळहळ व्यक्त केली.

शेवटी माळ्यानं शेजाऱ्याचे बैल मागून आणले, गाडी जुंपली आणि त्याला नदीवर नेलं.