सुई थांबली तिथं खूण

सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात ताईच्या शेजारीणबाईंचा फोन आला. "भाऊ, लगेच या," एवढंच म्हणाल्या, आणि मला कळायचं ते कळलं. हृदयविकाराचा झटका... मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. टेबलावर तिच्या नव्या लेखाची प्रिंट काढून ठेवलेली होती आणि त्यावर शिसपेन्सिल. दुसऱ्या दिवशी ती घेऊन ताई पंचवटीत जाणार होती.

माझी ही थोरली बहीण, अनुताई, कॉलेजातली जीवशास्त्राची नोकरी सोडून घरी बसून वर्तमानपत्रांसाठी लिहायची. जनुकं, कॅन्सर, नवी औषधं हे तिचे विषय. माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान. "तुझ्या पेशींना वॉरंटी असते का गं?" असं मी चिडवायचो. ती म्हणायची, "असते रे, पण दुकानदार तुझ्यासारखा असला की बदलून मिळत नाही." तिचा प्रत्येक लेख मी गिऱ्हाइकांना काउंटरवर काढून दाखवायचो, हे मात्र तिला कधी कळू दिलं नाही.

तिची एक चूक इथं सांगायलाच हवी, कारण ती तिनं स्वतः कधी लपवली नाही. कॅन्सर जनुकांतल्या बिघाडामुळे होतो, असं तिनं एका लेखात लिहिलं. ते बरोबरच होतं. पण हा बिघाड बहुतेक वेळा माणसाच्या स्वतःच्या आयुष्यात होतो, आईबापांकडून क्वचित येतो, हे वाक्य लेख लांबला म्हणून तिनंच गाळलं. पंधरा दिवसांनी चांदवडहून एका मुलीचा फोन आला. तिची आई कॅन्सरनं गेलेली. होणारे सासरे ठरलेलं लग्न मोडायला निघाले होते आणि पुरावा म्हणून ताईच्या लेखाचं कात्रण दाखवत होते.

ताईनं मला दुकान बंद करायला लावलं आणि आम्ही थेट त्या सासऱ्यांच्या घरी गेलो. "चूक माझी आहे," इथूनच तिनं सुरुवात केली, मग तासभर समजावलं. सगळं ऐकून मुलाचे वडील म्हणाले, "मॅडम, पोरीला व्हनार नाय, असं लिहून द्या. मंग विषय संपला."

एका सहीनं काम झालं असतं. मी ताईला कोपरानं ढोसलंसुद्धा. ती म्हणाली, "तसं नाही देता येणार. तुमच्या मुलाला होणार नाही, असंही मला लिहून देता येणार नाही." शेवटी नवरा मुलगाच म्हणाला, "आबा, लग्नाची तारीख नाय बदलायची." लग्न ठरल्या दिवशी झालं. ताईच्या पुढच्या लेखाचं पहिलं वाक्य होतं, 'मागच्या लेखात मी एक महत्त्वाचं वाक्य गाळलं.' तिच्या बाकी सगळ्या लिखाणापेक्षा मला या वाक्याचा जास्त अभिमान आहे.

तेव्हापासून कुठलाही लेख पाठवण्याआधी ती पंचवटीत कमळामावशींना वाचून दाखवायची. मावशी हार ओवून विकतात, शाळा दुसरीपर्यंत. ताई उलट्या क्रेटवर बसून वाचायची, आणि मावशींची सुई जिथं थांबेल तिथं पेन्सिलीची खूण करायची. घरी येऊन तेवढा भाग पुन्हा लिहायची.

मागच्या आठवड्यात संपादकांनी तिचा शेवटचा लेख मागितला. मावशींनी न ऐकलेला लेख पाठवायला मन धजेना. म्हणून मीच जाऊन क्रेटवर बसलो. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बाहेर काढतात, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवतात आणि परत शरीरात सोडतात, इथवर अडखळत आलो आणि मावशींची सुई थांबली. आता हे दुरुस्त कोण करणार?

"काय झालं मावशी?"

"आपल्याच पेशी हायेत ना त्या? मंग त्यांनी आधीच का नाय वळखलं?"

मला काय कपाळ कळणार... मी पान उलटलं. पहिलीच ओळ होती, 'आता तुम्ही विचाराल, आपल्याच पेशींनी हे आधीच का ओळखलं नाही?'

ती ओळ मी दोनदा वाचली. मावशींनी पदरानं डोळे पुसले. "मी कुठं थांबनार ते बाईंना म्हाईत व्हतं," म्हणाल्या आणि पुढचं फूल ओवलं. पेन्सिल माझ्या खिशातच राहिली. लेख मी एकही शब्द न बदलता पाठवला.