दोघी माद्याच होत्या

पाहुणे माझ्या पुतणीला बघायला आले होते, माझ्या सशांना नाही. पण चिखलीच्या आमच्या घरी त्या रविवारी पोह्यांच्या बशा हातात पडल्या आणि नेमकी तेव्हाच अंगणात माझी करडी पांढरीच्या पाठीवर चढली. मुलाच्या आत्यानं तोंडाला पदर लावला. त्याचे काका खिदळले. माझा मोठा भाऊ मान खाली घालून बसला, जणू तोच काही करताना सापडला होता.

सोमवारी मी शाळेत शिकवून आले तर लाकडी खोक्यात करडी एकटी. दादानं पांढरीला मलकापूरला ओळखीच्यांकडे पाठवून दिलं होतं. मला न विचारता.

"पाहुण्याईसमोर इज्जत गेली आपली," तो म्हणाला. "अंगनात ते घानेरडं नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजूनही हे लिहिताना जाते. कसलं घाणेरडं? दोघी माद्या. तीन वर्षं एका खोक्यात राहिलेल्या, एकमेकींच्या अंगावर मान टाकून झोपणाऱ्या. करडी कधीमधी वर चढायची, दोन-चार झटके द्यायची, उतरायची आणि लगेच पांढरीचे कान चाटायला लागायची. पांढरी अंग चपटं करून बसायची. कंटाळा आला की पुढे सरकायची. खोक्यात कोणाचं चालतं एवढंच त्यात असायचं. चावाचावी झाली, केस उपटले गेले, किंवा एखादी तोंडाच्या बाजूनं चढली, तर मध्ये पडावं. एरवी त्यांचं त्या बघून घेतात. आमच्या घरात कोणाचं चालतं हे दादा रोज आवाज चढवून सांगतो, त्याला कोणी घाणेरडं म्हणत नाही.

करडीनं त्या संध्याकाळी लसूणघासाला तोंड लावलं नाही. मंगळवारी सकाळी खोक्यात एकही लेंडी नव्हती. सशाच्या पोटात सतत काहीतरी जावं लागतं. खाणं थांबलं की आतडं थांबतं, आणि मग फार वेळ नसतो. मी तिला टोपलीत घालून गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, एक औषध दिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की सशाचं त्यांना फारसं कळत नाही. वहिनी म्हणाली, "दुसरा ससा आनून टाकू." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

बुधवारी रजा टाकून मी एस.टी.नं मलकापूरला गेले. ज्यांच्याकडे पांढरी होती ते चांगले लोक होते, चहा घ्या म्हणत होते. मी दारातूनच तिला उचललं आणि परत फिरले.

घरी आल्यावर पांढरीला करडीजवळ सोडलं. तिनं करडीचं नाक हुंगलं, कान हुंगले, आणि मग ती करडीच्या पाठीवर चढली. इतकी वर्षं खाली बसणारी ती. करडीनं हालचाल केली नाही.

त्यांना वेगळं करायला सवयीनं दादाचा हात पुढे गेला.

"हात नको लावू," मी ओरडले. आणि मग अंगणात उभं राहून, शेजारची भिंतीपलीकडून ऐकत असताना, मी त्याला सगळं सांगितलं. चढणं म्हणजे काय, ते माद्यासुद्धा का करतात, ताटातूट झाली की जोडी पुन्हा जुळताना ते जास्त का होतं. एकही शब्द गिळला नाही. तुझ्या लाजेपायी हिचा जीव चाललाय, असंही म्हटलं.

दादा ऐकून घेत होता. तो सहसा घेत नाही. मग हळूच म्हणाला, "काय वं, दिवाळीत म्या तुले इचारलं होतं, हे दोघी काऊन असं करते म्हनून. तू म्हने, खेळून राह्यल्या. अन् आत निंघून गेली. तू तं सायन्स शिकवते. तवाच सांगतलं असतं तं म्या कायले पाठवली असती?"

विचारलं होतं त्यानं. मोठ्या भावाशी असलं कसं बोलायचं म्हणून मी चुलीवर काहीतरी आहे असं सांगून आत गेले होते. चुलीवर काही नव्हतं.

करडी गुरुवारी पहाटे गेली. पांढरी दुपारपर्यंत तिचे कान चाटत होती, आणि खड्डा दादानंच खणला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. मी करडीला टोपलीत घालून खड्ड्यापाशी आणलं.