आक्काच्या नावाची बुडी

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भोळसट समजू नये. मी तेहतीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली शेवटची अकरा डहाणू रोडला. रुळांवर पांढऱ्या साडीतली बाई दिसते असं शपथेवर सांगणारे सहकारी मला पुष्कळ भेटले. मी विचारायचो, "तिकीट होतं का तिच्याकडे?" माझी बायको शुभा तलासरीच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या उपासतापासांचीही मी आयुष्यभर टर उडवली. तेव्हा असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, एवढं लक्षात ठेवा आणि मग वाचा...

आमचा मुलगा व्हिएन्नाला नोकरीला आहे. बापाला गाड्या आवडतात आणि आईचे गुडघे दुखतात, म्हणून त्याने दोन्हींची सांगड घालून बारा दिवसांचा बेत आखला — ट्रेनने हिंडायचं आणि गरम पाण्याच्या झऱ्यांची गावं बघायची. निघायच्या आधी मी झाई गावी आक्काला भेटायला गेलो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आमची आई कायम आजारी, त्यामुळे मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं ते आक्कानेच. तिच्या लग्नात, निरोपाच्या वेळी मी तिचा हात सोडेना. शेवटी मामाने माझी बोटं एकेक करून सोडवली होती.

आता तीच आक्का चार वर्षं खाटेवर होती. गुडघे, कंबर, सगळंच गेलेलं. कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची आणि तिचं कण्हणं पार अंगणात ऐकू यायचं. तिचा मुलगा भालू आणि सूनबाई मनापासून करत होते, पण दोघं अगदी पिचून गेले होते.

"बाबू, तिकडे गरम पाण्याची कुंडं आहेत म्हणे?" आक्काने विचारलं.

"आहेत की."

"मग माझ्या नावाची एक बुडी मार."

आमच्याकडे ही पद्धत आहे. वज्रेश्वरीच्या कुंडावर जाणारा माणूस, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या नावाने एकेक बुडी मारतो. बुडी मारणाऱ्याचं अंग भिजतं, गुण दुसऱ्याला जातो, असं मानतात.

"पूर्ण नाव घे हो," आक्का म्हणाली. "नुसतं आक्का म्हणशील तर पाण्याला काय कळणार? जगात आक्का ढीगभर."

"आणि तिकडच्या पाण्याला मराठी कळेल का?"

"तू घे तर खरं. आणि दात काढत घेऊ नकोस, मेल्या."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, म्हातारीचं समाधान, दुसरं काय!

पहिलं गाव कार्लोव्ही व्हारी. तिथे लोक हातात चोच असलेला कप घेऊन गरम पाणी पीत रस्त्याने फिरतात. चव म्हणाल तर गंजलेल्या नळाची. नंतर व्हिएन्नाजवळचं बाडेन. तिथल्या तलावात शुभाने सगळ्या खानदानाच्या नावाने बुड्या मारल्या, शेजारच्या गोऱ्या बायका तिच्याकडे बघतच राहिल्या. मला म्हणाली, "अहो, आक्कांची बुडी तुमची. ती रक्ताच्या माणसानेच मारायची." मी "पुढच्या गावात" म्हणून टाळलं. खरं सांगू? मला लाज वाटत होती.

पुढचं गाव पिएश्त्यानी. स्लोव्हाकियात आहे, ब्रातिस्लाव्हाहून तासाभराची गाडी — अगदी वेळेवर, माझ्यासारख्याला डोळे भरून बघावी अशी. गावात नदीवर पूल आहे आणि पुलाच्या तोंडाशी गुडघ्यावर कुबडी मोडणाऱ्या माणसाचा पुतळा. शुभाने फोटो काढला. "आक्कांना दाखवू," म्हणाली. ते ऐकून मात्र ठरवलं, उद्या बुडी मारायचीच.

तिथलं कुंड गोल, वर घुमट, तळाला चिखल. पाणी करडं, त्यामुळे छातीखाली काही दिसत नाही. उकडलेल्या अंड्यांसारखा गंधकाचा वास. पुरुषांची वेळ वेगळी, बायकांची वेगळी, त्यामुळे शुभा बाहेर थांबली होती. आत मी आणि तिघे म्हातारे, तेही लांब दुसऱ्या कडेला. वीस मिनिटांच्या वर बसू देत नाहीत. डोकं पाण्याखाली न्यायचं नाही, अशी चित्राची पाटी भिंतीवर. पांढऱ्या कपड्यातली एक परिचारिका घड्याळ बघत उभी होती. ती टॉवेल आणायला वळली तेव्हा अकरा वीस झाले होते. सवयीने बघितलं मी, रेल्वेवाल्याची नजर आधी घड्याळावरच जाते.

मनात आक्काचं पूर्ण नाव घेतलं आणि बुडी मारली.

पाण्याखाली कुणीतरी माझा डावा हात धरला.

कुणाचा पाय घासला, शेवाळ लागलं, असलं काही नव्हे हो! पाच बोटांनी मनगट धरलं. हात लहान होता, मऊ, पोरीसारखा, आणि पकड म्हणजे... वर्दळीचा रस्ता ओलांडताना पोराचं मनगट धरतात ना, तशी. मी वर यायला बघितलं तर येता येईना. पाणी छातीएवढं, मी उभा राहिलो की डोकं बाहेर! पण उभंच राहता येईना. नाकातोंडात पाणी गेलं. आणि मग मी तो हात झटकला. सगळा जीव लावून झटकला. नखं ओरखडत गेली आणि सुटलो.

हे झटकणं मी शुभालासुद्धा सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

वर आलो तर परिचारिका तिच्या भाषेत माझ्यावर डाफरत होती. तिने मला बाहेर काढलं, चादरीत गुंडाळून बाकावर आडवं केलं. मनगटावर पाच ओरखडे होते. तिने त्यांच्याकडे बघितलं, माझ्या नखांकडे बघितलं आणि निघून गेली. माझे दात वाजत होते, तेही त्या गरम खोलीत.

कपडे घालून बाहेर आलो तर फोनवर भालूचे नऊ मिस्ड कॉल. संपलं, असंच वाटलं मला. आक्का गेली, आणि मी इथे गरम पाण्यात डुंबत होतो. शुभाने फोन लावून दिला.

"मामा, आई उभी राहिली!" भालू रडत होता. "स्वतःची उठली. चालत अंगणात गेली, मामा!"

मी विचारलं, "कधी?"

"दोन पन्नासला. टीव्ही चालू होता, म्हणून लक्षात आहे."

आपल्याकडचे दोन पन्नास म्हणजे तिथले अकरा वीस. वेळापत्रकात उभा जन्म गेला माझा, हिशेब करावा लागला नाही.

"पण मामा..." भालूचा आवाज बदलला. "तिचे केस ओले आहेत. गरम पाण्याने न्हायल्यासारखे. आणि वास येतोय, अंडी उकडल्यासारखा. आणि ती आम्हाला ओळखत नाही. मला म्हणते, तुम्ही कोण? सुलोचना म्हटलं की ओ देत नाही. म्हणते, माझं नाव मंजुळा."

माझ्या हातून फोन निसटला. शुभाने तो झेलला.

सुलोचना दामोदर सावे हे आक्काचं लग्नानंतरचं नाव. सासरी नाव बदललं, त्याला छप्पन्न वर्षं झाली. भालूने, सूनबाईने, सगळ्या झाईने तिला त्याच नावाने ओळखलं. पण माहेरी आमची आई विहिरीवरून हाक मारायची ती "मंजुळे" अशी, आणि माझ्यासाठी ती तीच राहिली होती. बुडी मारताना घाईघाईत माझ्या मनात आलं ते नाव होतं — मंजुळा हरी राऊत.

पुढची गावं रद्द केली आणि मिळेल त्या विमानाने परतलो. डहाणूहून रिक्षा करून थेट झाई गाठली. आक्का ओट्यावर उभी राहून चिकू निवडत होती. पाठ ताठ. मला बघून पदर सावरला, जसा परक्या म्हाताऱ्यासमोर सावरतात तसा.

"आक्का, मी बाबू."

ती हसली. "काहीतरीच काय, आजोबा! आमचा बाबू एवढासा आहे." कमरेपाशी हात धरून उंची दाखवली. मग एकदम कावरीबावरी झाली. "तुम्ही वाटेत बघितलात का हो त्याला? गरम पाण्यात उतरला होता. गोल कुंड होतं, वर घुमट. मी धरला होता त्याला, पण हात सुटला."

कुंडाचा फोटो आम्ही कुणालाच पाठवला नव्हता. आत फोन नेऊच देत नव्हते.

डॉक्टरांना दाखवलं. मेंदूचे रिपोर्ट वयाच्या मानाने ठीक. म्हणाले, म्हातारपणी होतो असा विसर. मग गुडघ्यांचा एक्स-रे बघितला. गुडघे जसे झिजलेले होते तसेच आहेत. म्हणाले, या गुडघ्यांवर ही बाई चालते कशी ते मला विचारू नका.

आता घरात दोन तट पडलेत. भालू म्हणतो, "मामा, परत जा. बरोबर नावाने बुडी मारा. मला माझी आई पाहिजे." सूनबाई म्हणते, "आणि पुन्हा ते कण्हणं? चार वर्षं मी ऐकलंय ते. निदान आता हसते तरी." दोघंही माझ्याकडे बघतात. मला आक्काने पुन्हा बाबू म्हणावं असं किती वाटतं, काय सांगू... पण त्यासाठी तिला त्या खाटेवर परत घालायचं? शिवाय मी सध्या बादलीतल्या पाण्यालाही घाबरतो. पाण्याखाली मला कुणी धरलं होतं आणि ओढत होतं की सांभाळत होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा. थट्टा केलीत तरी चालेल, मीही आयुष्यभर तेच केलं.

मनगटावरचे ओरखडे अजून भरलेले नाहीत. मागच्या आठवड्यात चहा घेताना आक्काची नजर त्यांच्यावर गेली. उठून आत गेली, वाटीत हळद आणि तेल कालवून आणलं आणि माझा हात मांडीवर घेऊन लावायला बसली. लहानपणी मी पडून आलो की लावायची, तशीच, हलकी फुंकर घालत.

"फार आग होते का, आजोबा?"

"नाही गं."

तिने पाचही ओरखड्यांवर नीट हळद लावली. मग मान वर न करता म्हणाली, "झटकला नसता हात, तर लागलं नसतं."