चिरेखाणीतलं भुंकणं

रत्नागिरीच्या नोकरीतलं बरंच काही विसरलो, पण मिरजोळ्याच्या बाजूचं ते बेपत्ता प्रकरण मनातून जात नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जहाजावरून निवृत्त झालेला एक म्हातारा खलाशी संध्याकाळी सड्यावर, गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर फिरायला गेला, तो परतलाच नाही. सोबत त्याचा टेरिअर कुत्रा. मांजराएवढा जीव, पण अंगात नुसती रग! जहाजावर उंदीर मारायला पाळलेल्या कुत्रीचं ते पिल्लू.

दुसऱ्या दिवशी शेजारी ठाण्यात खबर घेऊन आला. "काका-पुतण्याचं कलमांच्या बागेवरून वाजलेलं, सायब. पुतण्याला विचारा."

झालं! मिसिंगची नोंद केली आणि पुतण्याला उचलून आणला. कुत्रं कुठं आहे, असं मी शेजाऱ्याला विचारलंही होतं. "जुन्या चिरेखाणीत भुकतंय कालपासून. घूस गावली असंल," तो म्हणाला. आम्ही सगळे हसलो.

दोन दिवस पुतण्याला ठाण्यात बसवून ठेवला. तो सारखा "सायब, कुत्रा..." म्हणायचा आणि मी दरडावायचो, "विचारीन तेवढंच बोल!" माझा तापटपणा जिल्हाभर माहीत होता आणि मला त्याचा अभिमान होता, मूर्खासारखा.

तिसऱ्या दिवशी दुपारी हवालदाराने त्याला चहा दिला आणि सहज विचारलं, "कुत्र्याचं काय म्हणत होतास रे?"

तो रडायलाच लागला. "शेजारी म्हणतो घूस गावली, पण घूस मारताना तो आवाज करत नाय. मान धरली, झटका दिला, संपलं. काका सांगायचे, यांचे पूर्वज विलायतेत कोल्ह्याच्या बिळात शिरायचे. कोल्हा आत अडला की तिथंच भुकत राहायचे, वरून माणसं खणत येईस्तोवर. तो बोलावतोय, सायब!"

जीप काढली. खाणीची कड ढासळली होती. चिऱ्यांच्या फटीतून, अगदी आतून, घोगरं भुंकणं येत होतं. खणून काढलं तेव्हा कुत्रा म्हाताऱ्याच्या छातीला चिकटून बसला होता. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "आज सकाळपर्यंत जिवंत असावेत."

खोटं बोलणारा माणूस मला लांबून ओळखता यायचा. खरं सांगणाऱ्याला आधी बोलू द्यावं लागतं, हे मात्र त्या दुपारी शिकलो. तोवर माणूस गेला होता.

पुतण्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने हात जोडले. "सायब, आता घरी जाऊ? काकांचं करायला माझ्याशिवाय कोण नाय."